संडासाजवळची खाट

छू शुइगनने जो घोळ घातला तो चांगुलपणातून घातला, म्हणूनच तो निस्तरता निस्तरेना. वाईटपणाने घातलेल्या घोळाला निदान शिव्या तरी घालता येतात.

शाओशिंगच्या एका चिनी वैद्यकाच्या दवाखान्यात आतड्याच्या जुनाट दुखण्यावर संशोधन चाललं होतं. पायांत सुया टोचायच्या, बेंबीच्या दोन्ही बाजूंना चपट्या वड्या ठेवायच्या, वडीवर नागदवण्याच्या सुक्या पाल्याचा लहानसा कोन पेटवायचा आणि तो विझेपर्यंत पोट शेकायचं. वड्या दोन प्रकारच्या. एकीत खरं औषध, दुसरीत नुसता गव्हाचा कोंडा. दोन्ही तांदळाच्या दारूत मळलेल्या, दिसायला जुळ्या बहिणी. कुणाच्या पोटावर कुठली, हे पेशंटला ठाऊक नाही आणि शेक देणाऱ्या मुलींनाही नाही. आतल्या खोलीतून ताट यायचं, ताटावर खाटेचा नंबर. खाट ज्याची, ताट त्याचं.

इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध होतं. शास्त्राला एवढंच माहीत नव्हतं की त्यातली एक खाट संडासाला लागून आहे.

ज्याचं पोट धड आहे तो म्हणेल, खिडकीजवळची खाट चांगली. ऊन येतं, कालव्यातल्या नावा दिसतात. पण ज्याला दिवसातून कितीदा पळावं लागेल याचा भरवसा नाही, आणि पळताना रक्त पडतंय हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी संडासाजवळची खाट म्हणजे राजाचं सिंहासन. ते सिंहासन शुइगनच्या नशिबी आलं. खिडकी आली यू गुरुजींच्या वाट्याला.

गुरुजी सत्तरी ओलांडलेले, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, अंगाने काडी. पहिल्याच दिवशी सुया काढल्याबरोबर ते उठले आणि पोट धरून सगळी खोली ओलांडत निघाले. सगळ्यांनी माना फिरवल्या. इथे तेवढी रीत सगळेच पाळायचे. पण शुइगनच्या काळजाला ते लागलं.

दुसऱ्या खेपेला तो खिडकीजवळच्या खाटेवर जाऊन सरळ आडवाच झाला.

"अहो, ही माझी," गुरुजी म्हणाले.

"आता माझी. मला नावा बघायच्यात."

"नावा कसल्या बघताय? तुम्ही नावाड्याच्याच घरात जन्मलात, म्हणालात ना काल?"

"मग घरची आठवण येते."

"उठा म्हणतो ना! लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, म्हातारा भारी हट्टी आहे. गुरुजी, माझं पोट तुमच्या पोटापेक्षा तरुण आहे. बऱ्या बोलाने जाता, की उचलून नेऊ?"

गुरुजींनी त्याचा हात ओढला, त्याने गुरुजींना ढकललं, बाही उसवली. हॉटेलात बिल कुणी द्यायचं यावरून या गावात याहून मोठ्या मारामाऱ्या होतात, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. शेक देणाऱ्या मुली पाळीपाळीने बदलायच्या. त्या तोंडं बघत नव्हत्या, पोटं बघायच्या.

शुइगनचं आयुष्य बस चालवण्यात गेलं होतं. बाप नाव वल्हवायचा, कुणी काठावरून हाक मारली की थांबायचा. शुइगनने बापाचा तेवढाच एक गुण उचलला नाही. दोन थांब्यांच्या मध्ये त्याने कधी कुणासाठी बस थांबवली नाही. गरोदर बाई असो की स्वतःची सासू. सासूचा किस्सा डेपोत अजून सांगतात. मग हे दुखणं आलं, आणि एका सकाळी भर पुलावर बस उभी करून शुइगनच पळाला. परत आला तेव्हा बसमधले लोक गप्प बसून होते. कुणीतरी ओरडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानंतर साहेबांनी त्याला डेपोच्या फाटकावर बसवलं.

खिडकीजवळच्या खाटेवर मात्र त्याला हळूहळू उतार पडू लागला. रक्त थांबलं. तो भात चवीने खाऊ लागला. बायको, छायफंग, म्हणाली, "तोंडावर जरा रंग आलाय. आता तरी माणसात आलास."

गुरुजींना फरक नव्हता. ते सिंहासनावरून उठायचे, आत जायचे, परत यायचे, आणि शेक घेता घेता बायकोबद्दल बोलायचे. ती दक्षिणेच्या डोंगरावर पुरलेली. गेले दोन वसंत ते छिंगमिंगला, पूर्वजांची थडगी साफ करायच्या सणाला, तिच्या थडग्यापर्यंत पोचू शकले नव्हते. तासाभराचा बसचा प्रवास, आणि वाटेत पोटाने दगा दिला तर?

"गवत वाढलं असेल हो," ते म्हणायचे. "तिला टापटीप लागायची. माझी कॉलर मळली तर शाळेत जाऊ द्यायची नाही. यंदा या शेकाने जमलं तर जाईन म्हणतो."

छिंगमिंग जवळ आला आणि घोळ फुटला. त्या दिवशी डॉक्टर लुओ, हे संशोधन सांभाळणारी तरुण बाई, स्वतः तपासणीला आली. खिडकीजवळ येऊन तिने पोट दाबलं आणि मग चेहरा पाहिला.

"छूकाका? तुम्ही इथे काय करताय?"

"शेक घेतोय."

"ही यू गुरुजींची खाट आहे!"

"हो, पण त्यांना संडास लांब पडतो, म्हणून आम्ही बदलली."

"आज बदलली ना? आजच ना?"

शुइगनने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "छे! दुसऱ्या दिवसापासून."

डॉक्टर लुओ बाजूच्या स्टुलावर बसली. तिचा चेहरा बघून शुइगनला आधी वाटलं, हिलाही पोटाचं काही आहे.

तिने ताटाचा सगळा हिशोब पुन्हा समजावून सांगितला. शुइगन ऐकत होता, त्याच्या पोटावर कोन जळत होता, आणि मधेच त्याचा त्याला एकदम चटका बसला.

"म्हणजे माझ्या पोटावर हे गुरुजींचं आहे?"

"हो."

"आणि मला बरं वाटतंय. त्यांना नाही."

"काका, तुम्हा दोघांनाही एकच वडी असू शकते. दोघांना औषध, नाहीतर दोघांना कोंडा."

"आणि वेगवेगळ्या असतील तर?"

डॉक्टर लुओला खोटं बोलता येत नव्हतं. हा तिच्या धंद्यातला मोठाच दोष. "तर मग तसंही असू शकेल," ती म्हणाली.

"बघून सांगा ना."

"मला माहीत नाही. बघायची परवानगीही नाही. सगळ्यांचं संपेपर्यंत ते कुणीच उघडायचं नाही."

तिला मोठ्या डॉक्टरांनी झापलं. नशिबाने दोघांना काढून टाकलं नाही. जे घडलं ते खरं खरं नोंदवायचं आणि यापुढे ज्याने त्याने आपापल्या खाटेवर झोपायचं, असं ठरलं.

घरी छायफंगने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ती सुकवलेली मोहरीची भाजी धूत होती.

"म्हणजे सौजन्य करायला गेलास आणि म्हाताऱ्याचं औषध खाऊन आलास."

"खाल्लं नाही, पोटावर ठेवलं."

"तेच ते. तीस वर्षं कुणासाठी थांबला नाहीस. थांबलास तेही चुकीच्या ठिकाणी."

एरवी शुइगन उलट बोलला असता. त्या दिवशी त्याने ताट बाजूला सारलं. त्याच्या डोळ्यांपुढे गवत आलेलं थडगं होतं. छिंगमिंगला म्हातारा घरातच राहिला, तर त्याला शुइगनने राहायला लावलं, असंच ना?

पुढच्या खेपेला तो खाटेवर झोपेचना. संडासाच्या दाराशी उभा राहून डॉक्टर लुओच्या विनवण्या करू लागला.

"माझी वडी गुरुजींना द्या. माझ्याही आणि त्यांच्याही, दोन्ही त्यांच्याच पोटावर ठेवा. मला मोजू नका. समजा मी मेलो."

"काका, असं दुप्पट करून चालत नाही. भाजतील ते."

"मग मी सोडून जातो."

"तुम्ही सोडून गेल्याने त्यांना काय मिळणार?"

खिडकीजवळून आवाज आला. "शुइगन, इकडे ये."

गुरुजी आडवे होते, पायांत सुया, पोटावर धूर. शुइगन वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखा जवळ गेला.

"माझं औषध तू लाटलंस म्हणतोस."

"हो, गुरुजी."

"आणि तुझी खाट मी लाटली. किती दिवस मजेत उठलो-बसलो तिथे! लाज वाटत होती, तरी परत दिली नाही. कारण सुख होतं." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "आता ऐक. तू बरा झालास तो वडीने की आणखी कशाने, ते या पोरीला ठाऊक नाही, तर तुला काय ठाऊक? जन्मात कधी दिवसाढवळ्या उताणा पडून नावा बघितल्या होत्यास का?"

"नाही."

"मग? कदाचित नावांनीच बरा झाला असशील."

"पण डोंगर, गुरुजी? छिंगमिंग आला."

गुरुजींनी कॉलर सारखी केली.  मस्करी करून करून ते इथवर आले होते, आता पुढची सापडेना.

"मी नेतो," शुइगन म्हणाला.

"बसने? बस थांबते का मध्ये?"

"बसने नाही. माझ्या मेव्हण्याची तीनचाकी आहे, तो टोफू विकतो. तिला वेळापत्रक नाही. तुम्ही म्हणाल तिथे थांबेन. दर झाडाला थांबेन."

छिंगमिंगच्या सकाळी रस्त्यावर ही गर्दी. गुरुजी टोफूच्या रिकाम्या पाट्यांमध्ये उशीवर बसले होते, पांढरी स्वच्छ कॉलर, मांडीवर थडग्यापुढे ठेवायला दारूचा बुधला आणि हिरव्या पिठाचे गोळे. शुइगन सारखा मागे वळून विचारायचा, "थांबू?" आणि गुरुजी म्हणायचे, "अरे, पुढे बघ!" मागून गाड्या भोंगे वाजवत होत्या. एक बसही शिव्या देत गेली. तिचा ड्रायव्हर शुइगनच्या हाताखाली शिकलेला होता.

सार्वजनिक संडास लागले तिथे तिथे ते थांबले. चढ सुरू होण्याच्या जरा आधी मात्र गुरुजींनी त्याचा खांदा घट्ट पकडला. जवळ एकच घर होतं. अंगणात एक बाई बांबूचे कोंब सोलत बसली होती.

"वहिनी, संडास..."

"या, या! वर्षभर कुणी फिरकत नाही," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "छिंगमिंगला सगळ्या गावाचे पूर्वज जागे होतात आणि सगळ्यांच्या पोरांना माझाच संडास दिसतो. परसात आहे. पळा."

गुरुजी पळाले. पण थोडक्यात चुकलं.

ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. शुइगन दाराशी उभा राहून म्हणत होता, "गुरुजी, काही नाही झालं." आतून आवाज आला, "घरी चल. मला घरी ने. अशा अवतारात तिच्यापुढे कसा उभा राहू?"

त्या बाईने कोंब खाली ठेवले. काही न विचारता घरात गेली, गरम पाण्याची बादली आणली, आणि बादलीवर नवऱ्याची एक निळी विजार.

"शेतातली आहे, धुतलेली आहे," ती दारातून म्हणाली. "माझे सासरे शेवटची चार वर्षं अंथरुणावर होते, आजोबा, त्यांचं सगळं मीच केलं. मला काही नवीन नाही. घाला आणि जा वर. तिकडे तुमचं माणूस वाट बघतंय ना?"

विजार तोकडी होती. घोटे उघडे टाकून गुरुजी डोंगर चढले. शुइगन त्यांच्या मागे एक पायरी ठेवून. थडग्यावर गवत खरंच वाढलं होतं. शुइगन उपटायला वाकला, तर गुरुजींनी त्याला दूर केलं आणि गुडघे टेकून स्वतः उपटलं, हळूहळू, मुळांसकट. मग दारू ओतली, हिरवे गोळे मांडले.

"कॉलर बघ," ते दगडाला म्हणाले. "खाली बघू नकोस."

शुइगनने तोंड फिरवलं आणि समोरच्या टेकडीकडे बघत बसला. मागे गुरुजी किती तरी वेळ बोलत होते.

उतरताना त्या बाईने बजावलं, "लावणीच्या आधी आणून द्या बरं का. ह्यांना दोनच आहेत."

संशोधन संपलं. कुणाला काय होतं ते अजून उघडलेलं नाही. गुरुजींना थोडा उतार आहे, कधी आहे, कधी नाही. विजार छायफंगने धुऊन, इस्त्री करून दारामागच्या खिळ्याला लावली आहे. लावणी होऊन गेली. दर रविवारी गुरुजी म्हणतात, "मी स्वतः जाऊन देणार, पोट जरा बसू दे." आणि शुइगन म्हणतो, "बसू दे." तिकडे डोंगराच्या पायथ्याशी एक माणूस एकाच विजारीवर शेत करतो आहे.