हेडफोन: उघडा की बंद?

एकटा माणूस हेडफोन घ्यायला गेला, तर घरी हेडफोन येतो. चौघं मिळून गेले, तर आधी किस्से येतात आणि हेडफोन मागून, जमलंच तर. माझ्या हेडफोनला चौघं लागले होते, त्यामुळे किस्से साचत गेले.

चौघांत पहिले काळे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि भिंतीला भिंत लागून माझे शेजारी. दुसरे बशीरभाई, ज्यांचं आयुष्य रेडिओ आणि टेप दुरुस्त करण्यात गेलं. तिसरे शिंदे, दौलताबादला शेती आणि शहरात कारखान्याची नोकरी. चौथा मी. दर रविवारी सकाळी काळ्यांच्या बैठकीत जमायचं, गाणी ऐकायची आणि काळेवहिनींचा चहा प्यायचा, असा आमचा रिवाज.

सुनंदा, माझी बायको, गेली त्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून मी घरात गाणं लावलं नव्हतं. रविवारी काळ्यांकडे कानावर पडायचं, तेवढंच. पुण्याहून लेकीचा फोन आला, "बाबा, स्पीकर नको वाटतो ना? मग हेडफोन पाठवते. घरी ऐकायला लागा. कोणता हवा, तेवढं सांगा."

तेवढंच सांगता येईना.

*

हेडफोनचे दोन पंथ आहेत. बंद हेडफोन कानाला झाकून टाकतो, बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. उघड्याला मागून जाळी असते, दोन्हीकडची ये-जा चालू. गाणं त्यात मोकळं वाटतं.

काळे बंद पंथाचे. क्रांती चौकाचे हॉर्न आमच्या गॅलरीपर्यंत येतात, त्यामुळे त्यांचं मत पक्कं. "उघडा हेडफोन म्हणजे झाकण न ठेवता वरण शिजवणं. वास सगळ्या गल्लीला, आणि आपल्या ताटात काय?"

बशीरभाई म्हणाले, "काळेसाब, ढक्कन लगाको रखे तो भाप अंदरिच घूमती. गाने कू हवा होना."

चहा घेऊन आलेल्या वहिनींनी दोघांकडे पाहिलं. "तुमच्यापैकी एकानं तरी कधी वरण शिजवलंय का?"

त्या रविवारची चर्चा तिथंच संपली.

*

आमच्यात एक पद्धत आहे. हेडफोन एकच फिरतो. ज्याची पाळी असेल तो कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत डोळे मिटून बसतो, आणि एक गाणं संपेपर्यंत बाकीचे त्याच्याविषयी बोलतात. समोर बोलता येत नाही ते सगळं. ऐकणाऱ्याच्या कानावर बंद हेडफोन असल्यामुळे मैत्री टिकून राहते.

एका रविवारी काळ्यांची पाळी आली. त्यांच्या हेडफोनची वायर तुटलेली, म्हणून त्यांनी बशीरभाईंचा लावला. तो उघडा आहे, हे शिंद्यांच्या ध्यानात आलं नाही.

"आज चहा लई पांचट झालाय," शिंदे म्हणाले. "पन बोलावं कुणी? काळेसाहेबांचं घर हाय."

काळ्यांचे डोळे मिटलेले, मान तालात हलते आहे. बशीरभाई शिंद्यांना डोळ्यांनी खुणावत राहिले. शिंद्यांना वाटलं, आणखी बोला असं म्हणतायत. म्हणून त्यांनी काळ्यांच्या पोह्यांबद्दलही मत दिलं.

गाणं संपलं. काळ्यांनी हेडफोन शांतपणे काढून ठेवला. "गाणं सुरेख. पण ज्याला चहा पांचट लागतो, तो दुसरा कप कसा घेतो?"

शिंदे उठून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "वैनी, चुकलं. रागावू नका."

"मी कशाला रागावू?" वहिनी आतून म्हणाल्या. "आज दोन्ही यांनीच केलं होतं."

*

एवढं झाल्यावर शिंदे बंद पंथात गेले. उघड्या हेडफोननं माणूस उघडा पडतो, असं त्यांचं म्हणणं. नवा हेडफोन कानाला लावून ते दौलताबादला मेथीच्या वाफ्याजवळ बाजेवर पडले. बांधावरून ओळखीचा मेंढपाळ जोरजोरानं हात हलवत होता. शिंद्यांना वाटलं, राम राम करतोय. त्यांनीही पडल्या पडल्या हात हलवला. त्यानं दोन्ही हात हलवले. माणूस फार प्रेमाचा, असं म्हणून शिंद्यांनीही दोन्ही हलवले.

गाणं संपेस्तोवर वाफ्यात मेथी उरली नव्हती.

"आरं, मेंढरं शिरली तर हाळी द्यायची नाय का?" शिंदे त्याच्यावर ओरडले.

"घसा फुटंस्तोवर वरडलो की मामा," तो म्हणाला. "तुमी हात केला. मला वाटलं, चरू द्या म्हनताय. दुसऱ्यांदा तर दोन्ही हातांनी बोलवलं."

*

बशीरभाईंना असा तोटा कधी झाला नाही, पण त्यांचे प्रश्न निराळे. वेरूळला मेहुण्याकडे जाताना बसमध्ये त्यांनी उघडा हेडफोन लावला आणि जुन्या गझला सुरू केल्या. चार-पाच झाल्यावर कंटाळा आला, म्हणून त्यांनी दुसरं काही लावलं.

शेजारच्या अनोळखी माणसानं त्यांच्या मांडीवर हलकेच हात ठेवला. "चचा, वोईच रहने देते ना. अच्छा चल रहा था."

बशीरभाईंनी मुकाट्यानं परत गझल लावली. मागच्या सीटवरून आवाज आला, "थोडा बढाओ."

*

शेवटी चौघं मिळून दुकानात गेलो. विक्रेता मुलगी हुशार होती. तिनं एकच प्रश्न विचारला, "सर, घरी कोण कोण असतं?"

"मी एकटाच."

"मग ओपन घ्या. आवाज बाहेर गेला तरी त्रास कुणाला होणार?"

काळ्यांना पंथ सांभाळायचा होता. ते घाईनं म्हणाले, "उलट बंद घे. तुला आता हाक मारायला तरी कोण..."

वाक्य तिथंच थांबलं. काळे काउंटरवरची वायर गुंडाळायला लागले. बशीरभाई छताकडे बघत राहिले. मीही एका खोक्यावरचा मजकूर वाचत होतो. तो चिनी भाषेत होता.

शिंदे तेवढ्यात कोपऱ्यात बंद हेडफोन लावून बघत होते. कान झाकलेले असले की आपण किती मोठ्यानं बोलतोय ते माणसाला कळत नाही. त्यांनी मला कुजबुजत सांगितलं आणि ते अख्ख्या दुकानानं ऐकलं: "सर, पोरगी चांगली हाय, पन भाव लई हाय, हितं घेऊ नका! हात हलवत भायेर निघू, तिला कळायचं नाय!"

आम्ही हात हलवत बाहेर निघालो.

*

मग ठरलं की मी दोन्ही घरी वापरून बघावेत. आधी काळ्यांचा, बशीरभाईंनी वायर जोडून दिलेला, मग बशीरभाईंचा.

इथं आमच्या घरच्या भाताविषयी सांगायला हवं. सुनंदा कुकर लावून गच्चीवर कपडे काढायला जायची आणि जाताना मला सांगायची, "शिट्ट्या मोजा." मी गाणं ऐकत बसलेला असायचो. ती परत येऊन विचारायची, "किती झाल्या?" मी म्हणायचो, "दोन असतील." त्यामुळे आमच्याकडे भात एक तर टचटचीत असायचा, नाहीतर खिमट. लेक म्हणायची, आपल्याकडे भात कसा होतो ते गाण्याच्या लांबीवर असतं.

पहिल्या संध्याकाळी कुकर लावला आणि काळ्यांचा बंद हेडफोन घातला. गाणं फार चांगलं लागलं होतं. डोळे उघडले तेव्हा खोलीत धूर होता. आमच्या दाराची एक किल्ली काळ्यांकडे असते. वहिनी स्वयंपाकघरात गॅस बंद करत होत्या आणि काळे ओला टॉवेल घेऊन माझ्यासमोर उभे होते.

"आम्ही दार बडवत होतो. तुला काहीच ऐकू आलं नाही?"

"काहीच नाही."

काळ्यांनी टॉवेल खाली घेतला. चेहरा उजळला होता. "बघ. मी सांगत नव्हतो? काय सील आहे!"

*

दुसऱ्या संध्याकाळी बशीरभाईंचा उघडा हेडफोन लावला. कुकर गॅसवर होता. खाली चौकातले हॉर्न लांबून ऐकू येत होते, पलीकडे काळ्यांचा नळ वाहत होता आणि या सगळ्याच्या मधून गाणं चाललं होतं. खूप दिवसांनी मी ते शेवटपर्यंत ऐकत होतो. अंतऱ्यात कुठंतरी शिट्टी झाली. मग बहुधा आणखी एक.

डोळे मिटलेलेच होते. मी मोठ्यानं विचारलं, "किती झाल्या गं?"

गाणं चालू राहिलं. पलीकडचा नळ बंद झाला.

मग भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला, "तीन झाल्या, भाऊजी. आता बंद करा."

मी उठलो आणि गॅस बंद केला.

आमच्या घरात इतका मोकळा भात कधी झाला नव्हता.