गाडीतले पांढरे फराटे

काळ्यावर काही दिसत नाही, असं कोल्हापूरच्या शोरूममधल्या माणसाने मला सांगितलं होतं. सांगताना गोड हसलाही होता. त्याला मे महिन्यात आमच्याकडे आणून आठवडाभर गाडी पुसायला लावायला हवं होतं. तांबडी धूळ गाडीतल्या काळ्या प्लास्टिकवर जशी दिसते तशी दुसऱ्या कशावरच दिसत नाही, आणि काही घासलं की पांढरा फराटा उठतो तो वेगळाच. आतून फिकट रंगाची गाडी मिळायला वेळ लागणार होता. मी थांबायला तयार नव्हते, कारण मला आईकडे जायचं होतं.

आई मिठबावला एकटी राहते. माझं सासर धामापूरजवळ, तिथल्याच शाळेत मी शिकवते. रविवारी एसटीने माहेरी जायचं तर एक गाडी मालवणला बदला, दुसरी आचऱ्याला, आणि आईच्या पडवीत बसून चहा होतो न होतो तोच परतीची वेळ. त्यात तिला मोतीबिंदू झालेला. समोर माणूस उभा आहे एवढं तिला कळायचं, पण कोण आहे ते आवाजावरून ओळखायची. तिला डॉक्टरांकडे नेता यावं म्हणून मी गाडी घेतली. पगार माझा, कर्ज माझं, आणि चाळिशी उलटल्यावर चालवायला शिकले तीही मीच.

गाडी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आली त्याच दिवशी माझे भावजी, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "बरी आसा. घराक एक गाडी व्हयीच होती." तेव्हा मी नुसती हसले. तिथेच तोंड उघडायला हवं होतं.

घराची गाडी म्हणजे कोणाची, हे मग लवकरच कळलं. चावी दारामागच्या खिळ्याला असायची आणि भावजींचा हात माझ्याआधी तिथे पोचायचा. आंब्याच्या पेट्या माझ्या गाडीतून, काजूच्या गोणी माझ्या गाडीतून, कुणाच्या लग्नाचं वऱ्हाडही माझ्याच गाडीतून. पेटी उचलून ठेवायची असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते ती ढकलायचे. लाकडाची कड डिकीच्या काळ्या काठावर करकरत आत जायची. पोरांनी पुढच्या सीटच्या पाठी बुटांनी रंगवल्या. आत चढताना पायाखाली दाराची जी काळी पट्टी येते तिच्यावर तर सगळा गाव चपला घासून गेला. मी बोलले की उत्तर ठरलेलं.

"गाडी घराची आसा, बाये. चार पेटयो घातलंय तर काय मोडली?"

माझा नवरा अशा वेळी गोठ्यात काहीतरी काम काढायचा. आमच्या गोठ्यात गेली कित्येक वर्षं गाय नाही.

एकदा शाळेतून आले तर गाडीला डोक्याचा वास. दार उघडलं तर आत सगळं लखलखतंय. भावजींनी माझ्या कटकटीवर उपाय म्हणून डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत खोबरेल चोपडलं होतं. आमच्याकडे खोबरेल कशालाही चालतं. केसांना, बिजागरीला, भाजल्याला, कोयतीला. मग गाडीने काय पाप केलंय?

"बग, कशी काळी कुळकुळीत झाली! एक तरी चरो दिसता काय?" ते म्हणाले, आणि खरंच दिसत नव्हता. दोन दिवस दिसला नाही. मग रस्त्यावरची सगळी धूळ त्या तेलावर येऊन बसली आणि हात लावला की तांबडा चिकट लेप बोटाला यायला लागला. वर उन्हात तापलेल्या खोबरेलाचा खवट वास. त्या वासाने मला अजूनही त्यांचं तोंड आठवतं.

ते काढायला माझा अख्खा दिवस गेला. आधी मऊ ब्रशने खाचांतली धूळ, मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून, फडकं घट्ट पिळून पुसायचं, पुन्हा साध्या पाण्याने, पुन्हा कोरडं. उरलेल्या फराट्यांवर डाग खोडणारा पांढरा जादूचा स्पंज, तोही हलक्या हाताने, कारण जोर लावला की प्लास्टिकचा दाणा जातो आणि तिथे कायमचं टक्कल पडतं. शेवटी उन्हापासून जपणारं, न चमकणारं, बिनतेलाचं पॉलिश फडक्यावर घेऊन पातळ लावायचं. पायाखालच्या पेडलला आणि स्टिअरिंगला ते चुकूनही लावायचं नाही, घसरतं. हे मी भावजींना नीट समजावून सांगितलं. ते दात कोरत ऐकत होते.

पण मी खरी पेटले ती राखणीच्या दिवशी. राखण म्हणजे शेताच्या राखणदार देवाला वर्षाचा कोंबडा. पुरुषमंडळी रानात जातात, तिथेच कापतात, शिजवतात, जेवतात. आमच्याकडे बायकांना त्यातला घासही चालत नाही. आईच्या डोळ्यांचे डॉक्टर देवगडला महिन्यातून एकाच रविवारी येत, आणि नेमका तोच रविवार राखणीचा होता. डॉक्टर तपासणार आणि ऑपरेशनचा दिवस देणार, असं ठरलेलं. मी आदल्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं की उद्या गाडी मला लागेल. सकाळी उठून पाहते तर खिळ्याला चावी नाही आणि खळ्यात गाडी नाही. गावातल्या रिक्षावाल्याला फोन लावला. तो राखणीला गेला होता, माझ्याच गाडीत बसून.

मी एसटीने मिठबावला पोचले तेव्हा आई बाहेर जायचं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन, पायरीवर बसली होती. सकाळपासून बसली होती. डॉक्टर केव्हाच निघून गेले होते. "जावंदे गो, फुडच्या म्हयन्यात बगू," असं म्हणून ती माझ्यासाठी चहा ठेवायला उठली आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेतला. मला इतका राग आला की चहा तसाच ठेवून मी उठले.

संध्याकाळी परतले तर गाडी खळ्यात होती. डिकीत टोपाच्या काजळीचे पट्टे, कोंबड्याची पिसं, आणि मागच्या दारावर आतून, खालून वर गेलेला लांब पांढरा फराटा.

"देवाचा काम होता," भावजी म्हणाले. "देवाक थांबवतलंस तू? आणि गाडी घराची आसा."

"गाडी घराची," मी म्हटलं, "आणि आई माझ्या एकटीची?"

सासूबाई तांदूळ निवडत राहिल्या. नवरा उठून गोठ्याकडे गेला. मी खिळ्यावरची चावी काढली आणि पर्समध्ये टाकली. तेव्हापासून ती माझ्याजवळच असते, आणि घरात माझ्याशी मोजकंच बोलतात. बरं झालं. नाहीतरी त्यांच्या गप्पांनी माझं काय भलं झालं होतं?

पुढच्या महिन्यात, डॉक्टरांच्या रविवारी, मी उजाडतानाच मिठबावला पोचले. आई माझा हात धरून गाडीपर्यंत आली आणि दारापाशी थबकली. चाचपडत वाकली, चपला काढल्या, पिशवीतून प्लास्टिकची थैली काढून त्यात भरल्या, वर गाठ मारली. मग अनवाणी आत बसली. काठीही दारापासून लांब, उराशी धरलेली.

"ह्या काय चल्लाहा?" मी विचारलं.

"तुझ्या भावजींचो फोन इल्लो," ती म्हणाली. "गाडयेक चरो पडलो काय तू माणसांक खावक उठतंस म्हणत होते. काळ्यार लगेच उठता मां? माका दिसणा नाय, खंय पाय लागतलो कळाचा नाय."

माझा संताप संताप झाला. त्या फोन करणाऱ्या माणसाचा गळा धरावासा वाटला. ज्या बाईसाठी मी ही गाडी आणली, जिच्यासाठी घरात वैर घेतलं, तिलाच त्याने माझ्या दाराशी अनवाणी उभं केलं होतं. मी थैलीची गाठ दातांनी सोडवली, खाली बसून चपला तिच्या पायांत घातल्या, आणि तिचा पाय धरून त्या काळ्या पट्टीवर मुद्दाम घासला.

"उठलो तर उठांदे," मी म्हटलं. "तुझीच आसा गाडी."

ती हसली, होय म्हणाली. पण सगळा रस्ताभर, देवगडला दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहीपर्यंत, तिने दोन्ही टाचा उचलूनच धरल्या होत्या.