पाया लेबारचा लॉर्ड

एडमंड थॉर्नवेल सरदार घराण्यातला आहे, हे त्याच्या शेजारच्या टेबलावर चार वर्षं काढूनही निशिकांतला ठाऊक नव्हतं. निशिकांत पुण्याचा सिव्हिल इंजिनिअर, एडमंड त्याचा वरिष्ठ. परदेशातल्या पाया लेबार या भागात एका मॉलच्या तळघराचं खोदकाम दोघं बघत, दुपारी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवर एकत्र जेवत. २०१४ साली इंग्लंडमध्ये एडमंडचे वडील वारले आणि थोरला मुलगा म्हणून किताब त्याच्याकडे आला, तेव्हा ऑफिसला कळलं. जमीनजुमला आजोबांनीच विकलेला. पार्लमेंटमधली वंशपरंपरेची जागाही वडिलांच्या हयातीतच कायद्याने गेलेली. उरलं होतं नुसतं नाव.

डायरेक्टर मात्र त्या नावावरच भाळले. क्लायंटबरोबरच्या प्रत्येक मीटिंगला ते 'लॉर्ड थॉर्नवेल' म्हणून त्याला पुढे बसवू लागले. तो अवघडायचा, पण पुढे जाऊन बसायचा.

जूनमध्ये खड्ड्याची पूर्वेकडची भिंत आत झुकू लागली. एडमंडने काम थांबवायला सांगितलं. डायरेक्टरांनी उलट क्लायंटलाच बोलावलं आणि एडमंडला बजावलं, की भिंत सुरक्षित आहे एवढंच लॉर्डसाहेबांनी म्हणावं. निशिकांतला बाजूला घेऊन, त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे कंपनीमार्फत मिळणारा इथला नोकरीचा परवाना, लवकरच संपतोय याची आठवणही दिली. त्याची बायको अनघा पुण्याची नोकरी सोडून इथे आली होती.

मीटिंगच्या खोलीतून खाली काम करणाऱ्यांची पिवळी हेल्मेटं दिसत होती. क्लायंटने सरळ विचारलं. एडमंडने त्या हेल्मेटांकडे पाहिलं, मग डायरेक्टरांकडे. हा आता हो म्हणणार असं निशिकांतला वाटलं, आणि म्हणून टाकावं असंही वाटलं.

"भिंत धोकादायक आहे," एडमंड म्हणाला. "आधी माणसं वर घ्या."

डायरेक्टर हसत निशिकांतकडे वळले. लॉर्डसाहेब जरा जास्तच घाबरतात, नाही का, असं त्यांनी विचारलं.

"नाही सर. मीही हेच सांगेन."

क्लायंटच्या सांगण्यावरून माणसं वर आली. त्याच दुपारी भिंत आत कोसळली आणि एक क्रेन मातीखाली गेली. खाली कुणी नव्हतं.

कंपनीने एडमंडचा करार वाढवला नाही. इंग्लंडला जाऊन त्याने पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात सरदारांसाठी अजून राखलेल्या थोड्या जागांपैकी एका रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक लढवली. मतदार मोजकेच, तेही त्याच्यासारखे सरदार. तो हरला, आणि एका कॉलेजात शिकवू लागला. निशिकांतचा पासही संपला. इथल्याच दुसऱ्या कंपनीचं बोलावणं येईपर्यंत अनघाने सामान दोनदा बांधलं आणि दोनदा सोडलं.