हॉलंडमध्ये असंच असतं

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एक गृहस्थ राहतात. कामानिमित्त हॉलंडला गेले असताना त्यांनी तिथल्या एका गावात दरवर्षी होणारी सायकल शर्यत पाहिली. नामांकित व्यावसायिक स्वार गावातल्या रस्त्यांवर फेऱ्या मारतात आणि कोण जिंकणार हे म्हणे आधीच ठरलेलं असतं. तेव्हापासून गृहस्थांचं दर तिसरं वाक्य ‘हॉलंडमध्ये’पासून सुरू होतं. कचरा टाकायला येतात तेही घट्ट जर्सी घालून.

यंदा त्यांनी कॉम्प्लेक्सभोवती दहा फेऱ्यांची शर्यत ठेवली. स्वार सात. माझी मोजणी चुकत नाही, म्हणून फेऱ्या मोजायला मला बसवलं. रोज सायकलने ऑफिसला जाणाऱ्या आमच्या शेजारणीने टोपलीवाल्या सायकलवरून दहावी फेरी पूर्ण केली, तेव्हा गृहस्थांच्या नऊ झाल्या होत्या.

ते धापा टाकत माझ्यापाशी आले. “माझ्या दहा लिहा.”

“नऊ झाल्यात.”

“अहो, हॉलंडमध्ये पब्लिकला हवा तोच जिंकतो. कस्टमच आहे तसा.”

“इथे पब्लिक म्हणजे अकरा माणसं, आणि अकराही तिचंच नाव घेऊन ओरडतायत.”

मी नऊ लिहिल्या. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग हसत विजेत्यासाठी आणलेला पुष्पगुच्छ उचलला आणि सगळ्यांसमोर तिला दिला. देण्याआधी त्यावरचं, सकाळीच लिहून ठेवलेलं स्वतःच्या नावाचं अभिनंदनाचं कार्ड तेवढं काढून जर्सीच्या खिशात घातलं.