चिखल्याची राखण

सांगायला घरी माणूस नसलं की किस्से साठत जातात. माझ्याकडे तर ढीग झालाय! दक्षिण टेक्ससचा हा किनारा म्हणजे निवडुंग, खारट वाळू आणि वारा. इथे आम्ही तिघं पक्ष्यांची घरटी राखतो : रिटायर्ड बस ड्रायव्हर डेल, पीएचडी करणारी नागपूरची केतकी आणि मी.

*

केतकीने एकदा विचारलं, "मावशी, तुमचं ट्रेनिंग कुठे झालं?"

"इथेच, वाळूत बसून. सात वर्षं. तुझी पीएचडी किती वर्षांची गं?"

"पाच."

"मग मी सीनियर!"

*

एक बाई मोकळा कुत्रा घेऊन थेट घरट्यांत शिरली. "फार फ्रेंडली आहे तो!"

म्हटलं, "तसं अंड्यांना लिहून दे!"

*

पहिल्या वर्षीची चूक मात्र माझीच. आमचे हे गेले, त्यांच्या वर्षश्राद्धाला मी दहीभाताचा घास वाळूत ठेवला आणि कावळ्याची वाट पाहत बसले. कावळा आलाच नाही. आले पन्नास सीगल! भात संपवला, मग शेजारच्या सुरय पक्ष्यांची अंडीही संपवली.

डेल रागावला नाही. टोपी काढून नुसता उभा राहिला. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून ह्यांचा घास मीच खाते. घरी, एकटी.

*

प्लेनो शहरातून मुलाचा दर रविवारी फोन. "आई, इथे खोली रिकामी आहे. कशाला त्या वाळूत?"

"सीझन संपू दे."

"दरवर्षी हेच म्हणतेस!"

"सीझन दरवर्षी येतो!"

*

यंदा समुद्र आत आला आणि सगळं वाहून गेलं. चिखल्या पक्ष्याचं एकच घरटं उरलं. घरटं कसलं, वाळूतला खळगा. त्यात तीन अंडी. कोणी जवळ आलं की त्यांची आई पंख मोडल्याचं सोंग करते, फरफटत लांब जाते. येणारा तिच्या मागे जातो, अंडी वाचतात.

इथे वाळूवर गाडी चालवायला परवानगी आहे. परवा दुपारी एक पिकअप सरळ घरट्याभोवती बांधलेल्या आमच्या दोराकडे आला. मी ओरडले, दोन्ही हात हलवले. आतल्यांनीही हसून हात हलवला!

मग मी वळले. घरट्याच्या उलट्या दिशेला लंगडत निघाले आणि धपकन पडले.

पिकअप वळला. दोन धिप्पाड माणसं धावत आली. मला अलगद उचलून गाडीत बसवलं, पार डांबरी रस्त्यापर्यंत नेलं.

"मॅम, घरी कोणी आहे का? फोन करू?"

"तिघं आहेत," मी म्हटलं, "पण अजून फार लहान आहेत."