आईच्या वाट्याचा ढीग

गल्लीत केबलची वायर आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने आपल्या वाट्याचे कांदे स्वतः निवडले.

आधीची रीत सांगितल्याशिवाय यात काय बदललं ते कळणार नाही. बोरी बुद्रुकला आमच्या गल्लीत कांद्याची सावड होती. साठवणीच्या चाळीतला कांदा बाजारात न्यायच्या आधी निवडावा लागतो. सडका बाजूला, बारीक गोल्टी बाजूला. आज एकीच्या चाळीवर, उद्या दुसरीच्या, अशा बायका एकमेकींकडे जायच्या. प्रत्येकीपुढे एक ढीग असायचा. आई सातवी शिकलेली. त्या बायकांत न अडखळता वाचता येणारी तीच एक. सकाळच्या एसटीने आळेफाट्याहून पेपर यायचा, तो घेऊन ती चाळीवर बसायची आणि मोठ्याने वाचायची. वाचताना हात थांबतात, म्हणून तिच्या वाट्याचा ढीग बाकीच्या मिळून उपसायच्या. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी कधी बोललंही नाही.

वाचनाची सुरुवात निधनवार्तांपासून व्हायची. मला तेव्हा ते विचित्र वाटे. जुन्नरच्या कॉलेजात आम्हाला वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचायला सांगत, आणि इथे पहिल्या पानाला हात लागायच्या आधी आतलं पान उघडायचं. कारण पुढे लक्षात आलं. या बायकांची माहेरं जुन्नर आणि आंबेगावच्या गावागावांत पसरलेली. रक्ताच्या नात्यातलं कुणी गेलं तर मोटरसायकलवर माणूस यायचा. पण लहानपणची मैत्रीण गेली तर तिच्या सासरहून निरोप पाठवायची पद्धत नव्हती. तो निरोप फक्त पेपर द्यायचा. दशक्रिया कोणत्या घाटावर, कधी, तेही त्यात असायचं.

केबल आल्यावर चाळीवर हिंदी मालिकांची चर्चा सुरू झाली. आदल्या रात्री कोणत्या सुनेने काय केलं, हे सांगताना बायकांचे हात भराभर चालत. आई पेपर आणायची, घडी न उघडता मांडीखाली ठेवायची आणि आपला ढीग निवडायची. एकदा तिने निधनवार्ता वाचायला घेतल्या तेव्हा समोरची एक म्हणाली,

"राहू दे गं. तुझ्या पेपरात माणसं मरत्यात. आमच्या टीव्हीत मेलेली परत येत्यात."

सगळ्या हसल्या. आईही हसली.

काही आठवड्यांनी पेपरासोबत पुरवणी येऊ लागली. तिच्यात कोणत्या मालिकेत पुढे काय होणार ते छापलेलं असे. आईने ती चाळीवर वाचून दाखवली. बायका गप्प झाल्या. दोन दिवसांत तिचा ढीग पुन्हा बाकीच्यांकडे गेला. आई आता थेट पुरवणी उघडायची. ती खुशीत होती, एवढं मला आठवतं. आतलं पान वेळ उरला तर वाचायचं, आणि वेळ उरायचा नाही.

गल्लीत एक म्हातारी होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिचं माहेर मंचरच्या पलीकडे, घोडनदीच्या काठचं. ती मालिका बघायची नाही. तिला हिंदी कळत नव्हतं. एका बाजाराला आळेफाट्यावर तिला माहेरचा एक माणूस भेटला. तिच्याबरोबर गुरं राखलेली मैत्रीण वारली होती, आणि दशक्रियाही होऊन गेली होती. "तुला कळलं असंल असं वाटलं, पेपरात तर आलतं," असं तो तिला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती चाळीवर आली. आपल्या ढिगापाशी बसली. बराच वेळ कांदे निवडत राहिली आणि मग वर न बघता तिने विचारलं,

"पेपरात व्हतं का गं?"

आईने घरी जुने पेपर चाळून पाहिले होते. मावशीच्या मैत्रिणीचं आदल्या संध्याकाळीच तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"व्हतं, मावशी. मी पुरवणी वाचत बसले."

मावशीने मान हलवली. चाळीवर त्या दिवशी मालिकेचं कुणी काढलं नाही.

त्या रविवारी आई मावशीला घेऊन तिच्या माहेरी गेली. मीही गेले. नारायणगावला एसटी बदलली, मंचरहून जीपने पुढे. मैत्रिणीच्या घरी तिची सून होती. तिने मावशीला ओळखलं नाही, पण पाणी दिलं, चहा टाकला. टीव्ही चालू होता. भिंतीवर मैत्रिणीचा फोटो होता, आणि फ्रेमच्या कोपऱ्यात पेपरातलं कात्रण खोचलेलं.

मावशी आईला म्हणाली, "वाच."

आईने उभ्यानेच वाचलं. नाव, वय, मागे मुलगा, सून, नातवंडं. चार ओळी होत्या. सुनेने मध्येच उठून टीव्हीचा आवाज बंद केला.

"ती लई हसायची," मावशी म्हणाली. "ते नाय छापलं."

"तेवढी जागा नसती," आई म्हणाली.



सोमवारी आईने चाळीवर आतलं पान उघडलं आणि पहिल्यासारखं वाचायला लागली. दोघी-तिघी मालिकेचं बोलत राहिल्या, त्यांना तिने थांबवलं नाही. आवाजही वाढवला नाही. मावशीने हात लांब करून आईच्या पुढचा ढीग आपल्याकडे ओढला आणि आपल्या ढिगात मिसळला. बाकीच्यांनी तो तिथेच राहू दिला. मावशी असेपर्यंत हे असंच चाललं. ऐकणारी बहुतेक दिवस ती एकटीच असायची, आणि दुसरा ढीगही ती एकटीच संपवायची.

आई नंतर काही वर्षांनी गेली. तिची निधनवार्ता मी लिहिली. तिने चाळीवर पेपर वाचल्याचं एक वाक्य त्यात घातलं होतं. ते छापून आलं नाही. दशक्रियेला कुकडीच्या घाटावर गल्लीतल्या बायका आल्या होत्या. त्यांतल्या एकीने विचारलं, पेपरात काय दिलं होतं. मी सांगितलं.

सावड आता मोडली आहे. कांदा मजुरीने निवडला जातो. पेपर अजून आळेफाट्याहून येतो. मी आतल्या पानापासून सुरुवात करते आणि मनातल्या मनात वाचते.