दोन डुकरांची परवानगी

आमच्या घरात एक दुनळी बंदूक होती, सासऱ्यांची. पीक राखायला मिळालेलं तिचं लायसन त्यांच्या माघारी आमच्या मालकांच्या नावावर झालं. आजूबाजूच्या चार वाड्यांत तेवढी एकच बंदूक, त्यामुळं मालकांचा रुबाब विचारू नका. वापर मात्र शून्य. वर्षातून दोनदा तेलाचं फडकं फिरवायचं आणि परत कपाटात ठेवायची. मला तिची कधी भीती वाटली नव्हती.

गावात नुकतेच मोबाईल आले होते आणि रेंजसाठी देवळामागच्या टेकावर चढावं लागायचं, तेव्हाची गोष्ट. त्या साली रानडुकरांनी डोंगराकडच्या पट्टीतला भुईमूग उकरून सत्यानाश केला. माझ्या जावेचं अर्धं वावर एका रात्रीत गेलं. गावानं अर्जावर अर्ज केले तेव्हा कुठं वनखात्याची परवानगी आली. दोन डुकरं, आठ दिवस, फक्त मालकीच्या रानात, आणि बार काढायचा तो फक्त लायसनवाल्यानं. म्हणजे आमच्या मालकांनी. वर अट अशी, की मेलेलं डुक्कर गार्डासमोर पुरायचं, खायचं नाही. हे ऐकून निम्मे गडी तिथंच गळाले. "वाटा न्हाय तर हाकारा कशाला घालायचा?" म्हणाले. हाकारा म्हणजे डबे बडवत, ओरडत डोंगरावरनं उतरायचं आणि जनावर खाली बंदुकीकडं हुसकायचं. माणसं कमी पडली, म्हणून आमचा थोरला पोरगा वारणानगरच्या नोकरीतनं रजा टाकून आला.

गाव खूश होतं आणि मी मात्र भ्याले होते. कारण आमच्या मालकांना दिसत नव्हतं.

अगदी आंधळे नव्हते हो. उजेड कळायचा, हललेलं कळायचं. पण काय हललं ते कळायचं नाही. बशीत चहा ओतताना मांडीवर ओतायचे. माझ्या सख्ख्या भावाला दारात बघून "या पावणं, कुठलं गाव?" म्हणाले, आणि तो बोलल्यावर आवाज ओळखून "चेष्टा केली रे" म्हणून हसले. मी एकटीच हसले नाही. कोल्हापूरला डोळे दाखवू म्हटलं की "सुगी होऊ दे." सुगी झाली की "जत्रा होऊ दे." एकदा मी नेट धरला तर म्हणाले, "आणि लायसन गेलं म्हंजे? बापाची बंदूक माझ्या हातानं ठाण्यात जमा करू व्हय?"

शिकारीची आखणी आमच्याच सोप्यात झाली. पाच-सहा गडी गोल बसलेले, मधे मालक. जमिनीवर खडूनं डोंगरातली पाण्याची ओघळ काढलेली, हाकाऱ्याच्या माणसांच्या जागी चिंचोके मांडलेले. बोलणं मात्र पक्कं होतं, डोंगराचा इंच न् इंच त्यांच्या पायाखालचा. "डुक्कर वरनं ह्या ओघळीनं उतरणार. मी खाली आपल्या रानातल्या करवंदीच्या जाळीत. मधल्या दगडाला चुना फासायचा. जनावर दगडाच्या खाली आल्याबिगर मी बार काढणार न्हाय." गडी माना डोलवत होते. काय हुशार माणूस! मी चहा घेऊन वाकले तर मालकांचा हात चिंचोके चाचपडत होता. बंदूक म्हणून ठेवलेली काडी त्यांनी उचलली आणि "डुक्कर हितं पडणार" म्हणून बोट ठेवलं ते नेमकं सगळ्यात पुढच्या चिंचोक्यावर. तो चिंचोका म्हणजे आमचा थोरला होता. कप माझ्या हातात कडकडा वाजले. "वैनी, थंडी वाजतीया काय?" एकानं विचारलं.

बोलायला पाहिजे होतं तिथंच. आजही स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. पण चारचौघांत नवऱ्याची अब्रू काढायची, त्याच तोंडानं जावेला, शिकार मोडली, आता उरलेलं पीकही जाणार म्हणून सांगायचं, हे मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी गार्ड आला. सांगायचंच म्हणून त्याच्या मोटारसायकलीपर्यंत गेले आणि "भाऊ, ताक घेणार का?" विचारून परत आले. काय म्हणावं असल्या बाईला!

संध्याकाळी मालकांना एकटं गाठलं.

"उद्या मी येणार तुमच्यासंगं."

"खुळी का काय तू? बाईमाणूस शिकारीला? लोक शेण घालतील तोंडात."

"घालू द्या."

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. तर म्हणाले, "ये. पण खोकू नकोस."

सकाळी ऊन वर आल्यावर आम्ही दोघं जाळीत बसलो. त्यांच्या हातात भरलेली बंदूक, माझ्या तोंडात पदराचा बोळा. वरनं डब्यांचा आवाज सुरू झाला. हूऽऽ हाऽऽ करत माणसं उतरायला लागली, आणि त्या कालव्यात थोरल्याचा आवाज मला बरोबर ऐकू येत होता. सगळ्यात पुढं तोच. देवाचं नावसुद्धा धड आठवेना.

मालक माझ्या कानाशी वाकले. "दगड कुठाय गं?"

पांढराफेक दगड, वीस पावलांवर! मी त्यांचं कोपर धरून बंदूक तिकडं वळवली. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

"आलं की सांग," म्हणाले.

गवत हललं. चार डुकरं बाहेर आली. पुढची मादी वासराएवढी. दगडाच्या खाली आली, आडवी उभी राहिली, नाक वर करून हुंगायला लागली. असला मोका परत आला नसता. "आलं" एवढंच म्हणायचं होतं. आणि वरच्या बाजूला, गवताच्या पलीकडं, मला थोरल्याचं लाल मुंडासं दिसलं.

"काय हाय?" मालकांनी विचारलं.

"काय न्हाय," मी म्हणाले.

डुकरं आमच्या अंगावरनं गेल्यासारखी गेली आणि जावेच्या रानाच्या दिशेनं पसार झाली. मालकांनी बंदूक खाली केली. "किती हुती?"

"चार."

दोन्ही काडतुसं काढून त्यांनी माझ्या ओंजळीत दिली.

तोवर थोरला धापा टाकत खाली आला, मागनं बाकीची माणसं. तो चिडलेला. "आबा, नाकासमोरनं गेली की वो! बार का न्हाय काढला?"

"मी खोकले रे," मी घाईनं म्हणाले.

"न्हाय," मालक म्हणाले. "तिचा काय दोष न्हाय. मला दिसत न्हाय."

"काय दिसत न्हाय?"

"तू बी दिसत न्हाईस, बाळा. दोन वर्सं झाली."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. थोरला बापाकडं बघत राहिला. मग त्यानं वर ओघळीकडं बघितलं, जिथनं तो पळत आला होता. मग माझ्याकडं.

"आई, तुला ठाव हुतं?"

खोटं बोलायचं खूप मनात आलं. पण काडतुसं माझ्याच हातात होती.

"व्हय," मी म्हणाले.

त्यानं हातातला डबा खाली ठेवला, आणि रजा चार दिवसांची शिल्लक असताना दुपारच्या एसटीनं वारणानगरला निघून गेला.